शेवटचे सहा नग

एवारिस्तू म्हणतो, शेवटचे सहा नग,
जुन्या प्रोसेसरचे, तीस टक्के कमी.
सोमवारनंतर मागाल तर मिळणार नाहीत,
आणि मिळाले तरी तुम्हीच घेणार नाही,
असंही तोच म्हणतो.
प्रामाणिक दुकानदाराचा हाच जाच.
शेवटी ठरवायचं आपल्यालाच.

पोर्तोत आमचा छापखाना, उताराच्या गल्लीत, तळमजल्यावर.
शाईचा वास नाही. आम्ही नुसती टिंबं उठवतो जाड कागदावर,
बोटांनी वाचणाऱ्यांसाठी:
सहावीचा भूगोल, रक्तदाबाच्या गोळ्यांची माहिती,
एकदा एक लग्नपत्रिका, नवरीचं नाव चुकलेली,
जी ग्रासिएतच्या तर्जनीने वेळेत पकडली.

कुठलं टिंब कुठे, हे यंत्राला सांगणारा प्रोग्रॅम
आबिलियूचा. एकोणीस वर्षांपूर्वी
रात्री जागून, सार्डिनचे डबे फोडत लिहिलेला.
आबिलियू गेला. प्रोग्रॅम चालतोय.
त्याला फक्त जुन्या चिपची बोली येते.

नव्या मशीनमध्ये म्हणे एक दुभाष्या बसवलाय,
जुनं ऐकतो, नव्यात सांगतो, तक्रार करत नाही.
भाच्याच्या मशीनवर करून पाहिलं. एक पान काढलं.
ग्रासिएतने पानावरून हात फिरवला,
तिसऱ्या ओळीत थांबली, मागे आली, आणि हसत सुटली:
‘अरे, इथे पाव चिवचिवतोय.’
एकच टिंब उठलं नव्हतं.
एका टिंबाने आमच्या पावाचं पाखरू होतं.

आणि दुभाष्याचं तरी काय,
चार वर्षं, फार तर पाच.
मग त्यालाही नारळ देतील.

दियोलिंदा हिशेब बघते. ती म्हणाली, जुनं घेणं म्हणजे
मावळत्या उन्हात वाळवण घालणं.
मी म्हणालो, नवं घेणं म्हणजे
पहिल्या घाण्याचं तेल, गाळ कुणी पाहिलाय?
दोघंही शहाणे. दोघंही तिथेच.
तळ्यात, मळ्यात, तळ्यात,
आणि शुक्रवार संपला.

ग्रासिएतला कुणी विचारलंच नव्हतं.
तिने आपणहून सांगितलं, कोट चढवता चढवता:
‘नवं मशीन तापत नाही. भाच्याचं चाचपून पाहिलं मी.’
जानेवारीत आमच्या दगडी भिंतींना घाम येतो,
गार बोटांना टिंबं लागत नाहीत,
म्हणून रोज सकाळी कामाआधी
ती जुन्या मशीनच्या पाठीवर दोन्ही पंजे ठेवून उभी राहते,
पाच मिनिटं.
मला वाटायचं, प्रार्थना करते.

इतक्या तुलना वाचल्या होत्या मी, वेगाच्या, बॅटरीच्या,
कमी तापतं ही प्रत्येकात जमेची बाजू.

‘मग जुनीच घेऊ,’ मी म्हणालो.
‘वेडा आहेस का,’ ती म्हणाली, ‘शेगडी घे एक.’

शनिवारी दोन जुनी घेतली. सहा नाही.
एवारिस्तूने खोकी बांधताना विचारलं नाही का म्हणून.
उरलेल्या पैशांत एक शेगडी,
आणि तीन महिन्यांसाठी इवोन, विद्यापीठातली पोरगी,
आबिलियूचं सगळं नव्या बोलीत उतरवायला.

दुसऱ्याच दिवशी इवोनने हाक मारली.
प्रोग्रॅमच्या अगदी वर, पहिल्या ओळीच्याही आधी,
आबिलियूने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं होतं:
‘हे तात्पुरतं आहे. नवीन मशीन आलं की नीट करतो.’

ग्रासिएतने ते दोनदा वाचून घेतलं.
‘कुठलं नवीन मशीन?’ इवोनने विचारलं.
मी दाखवलं.
ते आलं होतं त्याच वर्षी, नाताळच्या आधी.
आता दाराशी आडवं ठेवलंय,
नदीकडून वारा सुटला की दार आपटू नये म्हणून.